मॉनिटरमधली पोरं

सिडको, नाशिक
७ नोव्हेंबर २०२४

ती. केरूमामांना,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या कानाने आता फोनशी कट्टीच घेतलीय, म्हणून पत्र लिहिते. गेल्या आठवड्यात मी अर्धा तास ओरडत होते. शेजारच्या बाईंना सगळं कळलं, तुम्हाला काहीच नाही.

माझे सासरे अण्णा आणि तुम्ही मिळून आणलेल्या कॉम्प्युटरचा मॉनिटर बिघडलाय. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली, पण मॉनिटर अजून चालत होता. मी लोकांचे बायोडाटे आणि लग्नपत्रिका त्यावरच टाइप करते. आता बटण दाबलं की चित्र येतं आणि दोन आकडे मोजेपर्यंत काळोख. बटणाजवळचा निळा दिवा मात्र चालू राहतो. आणि उचलून कलवला की आतून खुळखुळ आवाज येतो, बाळाच्या खुळखुळ्यासारखा.

संतोष म्हणतात, भंगारात दे आणि नवीन आण. तुळशीचं लग्न झालं की कामाची रांग लागेल, तेव्हा मलाही तेच बरं वाटतं. पण सासूबाई हलू देत नाहीत. तुम्हाला माहीतच आहे, नामपूरला त्या सुईण होत्या. त्यांच्या हातून झालेल्या सगळ्या बाळंतपणांची यादी अण्णांनी टाइप केली होती. बाळाचं नाव, आईचं नाव, दिवस कोणता, पाऊस होता की ऊन. सहाशे अडतीस नोंदी. सासूबाईंना वाचता येत नाही. अक्षरं त्या काचेवर उमटायची, म्हणून पोरं त्या काचेमागेच आहेत अशी त्यांची खात्री आहे. काल मी नुसती वायर काढली तर टेबलाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ह्या खोकामा मना सहाशे पोरे शेतस. माले इचारा बिगर हात लावू नको!"

मामा, दोनपैकी एक करा. मॉनिटर कसा दुरुस्त करायचा ते लिहा, नाहीतर त्यात काही नसतं असं एक पत्र त्यांच्या नावाने लिहा. मी वाचून दाखवेन. तुमचं त्या ऐकतील.

तुमची,
सरिता


मनमाड
११ नोव्हेंबर २०२४

चि. सरितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कट्टीचं वाचून हसलो. वर्कशॉपच्या घणांनी कान खाल्ले, पण डोळे ठेवलेत, तेव्हा पत्र लिहीत जा. तुझी अक्षरं अजून शाळेसारखी गोल आहेत.

कुसावहिनींना मी काय पत्र लिहिणार बाळ? माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या आहेत. आणि तुझ्या जन्माच्या दिवसापासून त्यांच्यासमोर माझी मान खाली आहे. तुला शंभरदा सांगितलं असेल, पण म्हाताऱ्याला पुन्हा सांगू दे. तू यायच्या दिवशी मोसम नदीला पूर होता. मी वीस वर्षांचा गडी. कुसावहिनींची पिशवी डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून त्यांना पलीकडून आणलं. तेव्हा कुठे तू जगात आलीस. पुढे त्याच बाईची सून झालीस, हे तुझं नशीब.

आता कामाचं. मी शाळेत सातवीपर्यंत, बाकी सगळं उघडून बघून शिकलो. तेव्हा मी विचारतो तसं कर.

एक. मॉनिटरला कॉम्प्युटरच्या डब्यापासून सोडव, नुसती विजेची वायर ठेव. तेव्हाही दोन आकड्यांत काळोख होतो का बघ.

दोन. काळोख झाला की खोलीचा दिवा बंद कर आणि टॉर्च काचेला अगदी जवळ, तिरका धर. निवांत बघ. पुसट अक्षरं दिसतात का?

तीन. खुळखुळ. आत स्क्रू सुटला असेल तर तो कुठेही चिकटून ठिणगी पाडेल. तपासायचं झालं की बंद ठेव. आणि काही झालं तरी स्वतः उघडू नको, वायर काढल्यावरही आत विजेचा दम उरलेला असतो.

मॉनिटर म्हणजे ताट, बाळ. स्वयंपाक टेबलाखालच्या उभ्या डब्यात होतो आणि उरलेलंही तिथेच राहतं. म्हणजे अण्णांचं लिहिलेलं त्या डब्यात. त्याच्या पाठीवर मी लाल ऑइलपेंटने त्यांचं नाव काढलं होतं, 'भारत'. बघून सांग, अक्षरं अजून आहेत का, आणि डबा सुरू होतो का. डबा ठीक असेल तर मॉनिटर खुशाल जाऊ दे.

तुझा मामा,
केरू


सिडको, नाशिक
१६ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना,
सा. न.

तुम्ही सांगितलं तसं केलं आणि फसगत झाली.

डब्यापासून सोडवलं तरी तसंच. काहीतरी इंग्रजी पाटी येते, दोन आकडे, काळोख.

मग टॉर्चचं. एका हाताने पडदा ओढायचा, दुसऱ्याने टॉर्च धरायचा, बटण दाबायला तिसरा हात मला नाही. म्हणून टॉर्च सासूबाईंच्या हातात दिला. डबा परत जोडून मी टाइप करत असलेला एक बायोडाटा उघडा ठेवला होता. त्यांनी टॉर्च तिरका धरला आणि खरंच मामा, काळ्या काचेत अक्षरं दिसायला लागली. विहिरीच्या तळाशी काहीतरी पडलेलं दिसावं तशी. मी बघतेय तोवर त्या केवढ्याने ओरडल्या. "दखं का? शेतस ना आतमा!"

त्या अक्षरांत कुठल्याशा मुलाची उंची आणि पगार होता, पण हे त्यांना कोण पटवणार? आता रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन बसतात. मॉनिटर बंद असला तरी काचेवर उजेड मारतात. म्हणतात, अंधारात राहिलीत बिचारी. आणि अधूनमधून जरासा हलवून खुळखुळ ऐकतात.

मी तुमच्याकडे उपाय मागितला होता, तुम्ही त्यांच्या हातात पुरावाच दिलात!

डब्याचं ठीक आहे. पुढे काय करू ते लवकर लिहा. पाच पत्रिका अडकल्यात, शेजारच्या दुकानात तासावर बसून काम करतेय.

तुमची,
सरिता


मनमाड
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सरितास,
आशीर्वाद.

टॉर्चचं वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. माझी चूक. बघणारं माणूस कोण आहे ते विचारात न घेता मी परीक्षा सांगितली.

निदान सोपं आहे. चित्र येतंय, चित्रामागचा उजेड गेलाय. काचेमागे काडीएवढ्या दिव्याच्या नळ्या असतात, त्या थकल्या किंवा त्यांना वीज पुरवणारी पट्टी गेली. पट्टी गेली असेल तर हजार-आठशेत जीव येईल. नळ्या गेल्या असतील तर नाद सोड. पंधरा वर्षं चालला, माणसासारखा वागला.

भद्रकालीत हुजैफाचं दुकान आहे. त्याचे वडील निसारभाई आणि मी एकाच टेबलावर रेडिओ उघडून शिकलो. तेव्हा एक रेडिओ दोघांनी मिळून बिघडवायचा आणि दोघांनी मिळून शिव्या खायच्या. हुजैफाला माझं नाव सांग. तो पैशासाठी उगाच पार्ट बदलणार नाही. खुळखुळ काय आहे तेही तोच बघेल. कुसावहिनींना सोबत ने. पाठीमागे उघडलं तर त्या आयुष्यभर म्हणतील की पोरं तिथे काढून घेतली.

आता दुसरं. मी विचारलं होतं, लाल अक्षरं आहेत का आणि डबा सुरू होतो का. तू लिहिलंस, 'डब्याचं ठीक आहे'. वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं मी तारा तपासल्या. नवीन पोरगा दहा तारा तपासायचा, नऊंचं नीट लिहायचा आणि एकीपुढे नुसतं 'ठीक' लिहायचा. मी आधी तीच उघडायचो.

रागावत नाही बाळ. विचारतो. डबा आहे का?

तुझा मामा,
केरू


सिडको, नाशिक
२८ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना,
सा. न.

आधी हुजैफाभाईंकडचं सांगते, मग दुसरं.

मॉनिटर जुन्या चादरीत गुंडाळला. सासूबाईंनी रिक्षात तो मांडीवर घेतला, माझ्याकडे दिला नाही. द्वारकेच्या चौकात गर्दीत रिक्षा अडकली तर ड्रायव्हरला म्हणाल्या, "हळू, पोरे शेतस." तो बिचारा आरशातून मागे बघायला लागला.

हुजैफाभाईंनी तुमचं नाव ऐकून आधी चहा मागवला. मग मागचं झाकण काढलं आणि टेबलावर तांदूळ सांडले. खरंच तांदूळ! हळदीकुंकवाचे, लाल-पिवळे, मूठभर. दोन झेंडूच्या पाकळ्या, वाळून कागद झालेल्या. हुजैफाभाई म्हणाले, "अहो आजी, ह्याचं लग्न कोणी लावलं?"

कोणी म्हणजे काय! दर दसऱ्याला आणि दर लक्ष्मीपूजनाला सासूबाई त्याची पूजा करतात. वर हवा जायच्या फटी असतात, नेमक्या तिथेच अक्षता वाहायच्या. पंधरा वर्षांच्या अक्षता आणि त्यावर कुंकवाचा थर. मामा, मीही दरवर्षी शेजारी हात जोडून उभी असते. मला सुचलं नाही.

पण हुजैफाभाई म्हणाले, दोष अक्षतांचा नाही. नळ्यांची टोकं काळी पडलीत, वयानेच गेल्या. बदलून उपयोग नाही. आणि भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत देऊ नका म्हणाले. त्या नळ्यांत पारा असतो, भंगारात काच फुटली की तो मोकळा होतो. त्यांच्याकडे असे मॉनिटर जमले की ते महिन्याला ई-कचऱ्याच्या गाडीत रीतसर देतात.

सासूबाईंचं याकडे लक्षच नव्हतं. उघड्या मॉनिटरवर वाकून त्यांनी हिरवी पट्टी बघितली, वायरी बघितल्या आणि म्हणाल्या, "आनि पोरे?" हुजैफाभाई सरळ माणूस. म्हणाले, "आजी, ह्यात काही राहत नाही. सगळं डब्यात राहतं. डबा घेऊन या, मी एकेक नाव काढून देतो." आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, डबा घरी आहे.

मामा, डबा नाही. २०२१ मध्ये संतोषनी नवीन डबा आणला, तेव्हा दुकानदाराने जुन्यातलं सगळं एका सीडीवर घेऊन दिलं. मी जुना डबा हातगाडीवाल्या भंगारवाल्याला दिला. मीच दिला, संतोष घरी नव्हते. आठवड्याने सीडी लावली, ती कोरी. हातगाडी शोधत मी चार दिवस उन्हात फिरले. दुकानदार म्हणाला, माझ्याकडून बरोबर झालं होतं. नवीन डबाही काळा, जुन्याच जागी ठेवला. सासूबाईंना फरक कळला नाही. उलट मॉनिटरवर हात ठेवून म्हणाल्या, यांचं खोकं हलवलं नाहीस, बरं केलंस.

गेल्या उन्हाळ्यात नामपूरहून राजू आला होता, तोही सासूबाईंच्याच हातचा. त्याला थोरल्या बहिणीच्या जन्माचं साल हवं होतं. सासूबाई ऐटीत म्हणाल्या, सरिता, काढ बरं. मी म्हणाले, लाइट नाही. पंखा चालू होता, मामा. राजूने वर बघितलं आणि तो निघायला उठला.

आता रोज सकाळी विचारतात, डबा कधी नेशील हुजैफाकडे? मी काय करू?

सरिता


मनमाड
३ डिसेंबर २०२४

चि. सरिता,

आशीर्वाद.

पत्र वाचलं तसं लगेच लिहायला बसलो.

डबा परत मिळणार नाही. तीन वर्षांत त्याचा पत्रा वितळून दुसऱ्या कशाची तरी कढई झाली असेल. त्यामागे आता फिरू नको.

सांगून टाक. जेवणं झाल्यावर शेजारी बसून सांग, स्वयंपाकघरातून ओट्याकडे तोंड करून नको. 'चुकून गेला' म्हणू नको, 'मी दिला' म्हण. सीडीचं, दुकानदाराचं नंतर, त्यांनी विचारलं तर. पंख्याचंही सांग. रागावल्या तर रागावू दे, रडल्या तर उठून जाऊ नको. त्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना कळा सोसताना बघितलंय, त्यांना सगळं बघवतं. फसवलेलं तेवढं बघवणार नाही.

मला विचारशील तर मी आयुष्यात एवढंच सांभाळलं. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. हातचं राखलं नाही, पदरचं घातलं नाही. म्हणून आज झोप लागते.

सांगितलंस की कळव. मी रोज पोस्टमनची वाट बघतो.

तुझा मामा,
केरू


सिडको, नाशिक
२१ डिसेंबर २०२४

ती. मामांना,
सा. न.

उशीर झाला. तुम्ही पोस्टमनला भंडावून सोडलं असेल.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. शेजारी बसून, पंख्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डबा गया तो गया. तीन साल तू खोटं बोलनी, ते लागनं माले." आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवल्या, पण ताट स्वतः वाढून घेतलं. मी उठून गेले नाही. समोर बसून गहू निवडत राहिले, निवडलेलेच पुन्हा निवडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आपणहून म्हणाल्या, "त्या लिखेत. पन सांगे कोन?"

मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात उजेड पडला. अण्णा नुसते टाइप करत, मामा. सांगत होत्या त्या! सहाशे अडतीस नोंदी अण्णांना कुठून ठाऊक असणार? ते तर दिवसभर शेतात. आपण सगळे त्याला 'अण्णांचं लिहिलेलं' म्हणत राहिलो, मीही, तुम्हीही.

हुजैफाभाईंनी त्यांच्याकडचा एक वापरलेला मॉनिटर दिलाय. रोज दुपारी दोन ते चार आमची बैठक. त्या गल्लीगल्लीने निघतात. डोळे मिटून नदीकडून गावात शिरतात आणि एकेक दार सांगतात. या दारात तीन, पहिला पायाळू. या दारात एकच, ती आता सटाण्याला दिलीय. मी टाइप करते. अडलं तर नामपूरला फोन लावून विचारतो. राजूच्या बहिणीचं सालही निघालं. त्याला कळवलं आणि पंख्याबद्दल माफी मागितली. म्हणाला, ताई, मला तेव्हाच समजलं होतं.

चारशे सतरा झाल्या. पण मारुतीमागच्या आळीत गाडी अडलीय. तिथली अकरा घरं त्यांना दिसत नाहीत, आणि तिथला कोणाचा नंबरही आमच्याकडे नाही. तीन दिवस झाले, आळीच्या तोंडाशी जातात आणि परत फिरतात. काल म्हणाल्या, इथली काही गेलीच समज. तेव्हा मात्र मी उठून चहा ठेवायला गेले. तुमचं ऐकलं नाही.

जुना मॉनिटर गेला. आधी त्यांचं म्हणणं होतं की पूजेतली वस्तू, गंगेवर नेऊन गोदावरीत सोडू. घरातले जुने देव आपण तसेच सोडतो ना. मी पाऱ्याचं सांगितलं. जरा विचार केला आणि म्हणाल्या, पाणी बाळंतिणीलाही लागतं, त्यात इख नको. मग ओल्या फडक्याने त्याचं कुंकू पुसलं, नमस्कार केला आणि स्वतः हुजैफाभाईंच्या हातात दिला. नवीन मॉनिटरला कुंकू लावतात, पण खालच्या पायाला. अक्षता वरून नाहीत.

सोबत एक नोंद छापून पाठवतेय. ही त्यांनी सगळ्यांत आधी सांगितली, नदीकाठच्या पहिल्या दाराच्याही आधी. जशी सांगितली तशी लिहिलीय, भाषा तेवढी छापील केलीय, बाकी मी हात लावलेला नाही.

'नोंद पहिली. सरिता. आई यमुना. सन १९७७, श्रावण, भर दुपार, ऊन पडलेलं. नदीला घोट्याइतकं पाणी. बोलवायला बाळाचा मामा केरू आला. दारापर्यंत सोबत आला, आतून यमुनेचा आवाज ऐकला आणि उंबऱ्यात आडवा झाला. पिशवी त्याच्या अंगाखाली. आधी मामाला शुद्धीवर आणलं, मग भाचीला बाहेर काढलं. दोघंही रडले. पोर ठणठणीत.'

मामा, पूर कुठे गेला?

तुमची,
सरिता


मनमाड
२६ डिसेंबर २०२४

चि. सरितास,
आशीर्वाद.

नोंद मिळाली. तुझ्या मामीला वाचून दाखवली. ती एवढी हसली की मला कानाचं मशीन न लावता ऐकू आलं.

पूर नव्हता. सत्तेचाळीस वर्षांत मी तो थोडा थोडा चढवला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा गुडघाभर होता. तुझ्या बारशाला कंबरेपर्यंत आला, लग्नात छातीपर्यंत. कुसावहिनी दर वेळी समोर बसून ऐकत होत्या आणि एकदाही बोलल्या नाहीत. सुईण किती पोटात ठेवते बघ. आणि मी तुला पत्रातून शहाणपण शिकवत बसलो, हातचं राखलं नाही म्हणून. ते पत्र जवळ ठेव, कधी मला चढलं तर दाखव.

तू खरं सांगितलंस, तसं मला कधी जमलं नव्हतं. आता तुझं बघून मीही सांगतो. आडवा झालो. रडलोही.

आता मारुतीमागची आळी. ती माझी आळी आहे, बाळ. लहानपणी त्या अकराही घरांतून मी मार खाल्लाय. परवा सकाळच्या एसटीने नामपूरला निघतोय. वही घेतलीय, मशीनला नवा सेल घातलाय. दार दार विचारून आई आणि बाळ लिहून आणतो. कुसावहिनींना सांग, नुसती नावं मी आणीन. दिवस कोणता, ऊन की पाऊस, ते त्यांनी सांगायचं. नाव ऐकलं की त्यांना दार दिसेल, माझी खात्री आहे. नाहीच दिसलं तर तेवढी जागा कोरी ठेव, भरून काढू नको.

आणि एक विचार. पाणी घोट्याइतकं नव्हतं, पोटरीपर्यंत होतं, असं मला अजून वाटतं. त्यांना सांगून बघ. त्या घोट्याइतकं म्हणाल्या, तर घोट्याइतकंच राहू दे.

तुझा मामा,
केरू